घरात कोणी आर्किटेक्ट नसताना बी.आर्च.ला कसं जायचं

माझे वडील गवंडी. सोलापुरात त्यांनी उभ्या केलेल्या भिंती मी आजही दाखवू शकते. पण त्या घरांच्या नकाशावर सही करणारा माणूस आमच्यासाठी नुसता ‘साहेब’ होता. साहेब यायचे, कागद उलगडायचे, दोन चुका दाखवायचे आणि निघून जायचे. तो कागद कोण काढतं, त्यासाठी काय शिकावं लागतं, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मला ते कळलं अकरावीत, तेसुद्धा शाळेतले चित्रकलेचे सर बाजारात भेटले आणि त्यांनी विषय काढला म्हणून.

आता दर उन्हाळ्यात मी वस्तीतल्या आणि मराठी शाळेतून आलेल्या मुलामुलींचे फॉर्म भरायला बसते. इतकी वर्षं बघून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. आमची मुलं हात चांगला नाही म्हणून मागे पडत नाहीत. कोणाचा कागद वेळेवर आलेला नसतो, कोणी भलतीच परीक्षा दिलेली असते, कोणाचे दुसऱ्या वर्षी प्रिंटलाच पैसे संपतात. म्हणून या लेखात ‘आर्किटेक्चर म्हणजे काय’ यापेक्षा ‘कोणता कागद कधी काढायचा’ हेच जास्त आहे. सगळं महाराष्ट्रातल्या प्रवेशाला धरून लिहिलंय. फी, तारखा आणि टक्केवारीच्या अटी दरवर्षी थोड्या बदलतात, तेवढ्या त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून तपासून घ्या.

१. आर्किटेक्ट कोणाला म्हणतात, हे आधी पक्कं करा

१९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्या माणसालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. त्या नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवी लागते, म्हणजे पाच वर्षांचं, दहा सत्रांचं बी.आर्च.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण असं, की ‘एका वर्षात आर्किटेक्चरल डिझायनर व्हा’ असे फलक गावोगावी लागलेले असतात. इंटेरिअरचा डिप्लोमा किंवा ऑटोकॅडचा कोर्स वाईट नाही, त्यावर पोट भरता येतं. पण त्यातून आर्किटेक्ट होता येत नाही, आणि हे तिथला माणूस फी घेण्याआधी सांगत नाही. कॉलेज निवडतानाही काउन्सिलच्या वेबसाइटवरच्या यादीत त्याचं नाव आहे का आणि त्या वर्षी किती जागांना मान्यता आहे, हे स्वतः बघा. ‘मान्यता येणारच आहे’ या शब्दावर एक रुपयाही भरू नका.

अर्बन डिझाइन म्हणजे इमारतींच्या मधल्या जागेचा विचार: रस्ता, फूटपाथ, चौक, बाजार, नाल्याचा काठ. तो साधारणपणे बी.आर्च.नंतर, एम.आर्च.मध्ये शिकतात. नगररचना त्याहून वेगळी आणि तिच्यासाठी बी.प्लॅन. ही स्वतंत्र पदवी आहे. कोणालाही ‘मला शहराचं काम करायचंय’ असं सांगितलं, की तो सिव्हिलला जा म्हणतो. सिव्हिल हा चांगलाच रस्ता आहे, पण वेगळा.

२. दहावीनंतर गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नका

बी.आर्च.साठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन विषय हवेतच. ‘चित्रकला चांगली आहे, मग आर्ट्स घे’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. चांगला हात असलेल्या कितीतरी मुलांची वाट तिथेच बंद झालेली मी पाहिली आहे. सायन्स घेऊन गणिताच्या जागी दुसरा विषय घेतला तरी तीच गत.

दुसरी वाट दहावीनंतर तीन वर्षांच्या डिप्लोमाची. त्यात गणित असेल तर बी.आर्च.ला अर्ज करता येतो. मात्र इंजिनिअरिंगसारखा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश इथे मिळत नाही, पहिल्या वर्षापासूनच बसावं लागतं. डिप्लोमाची तीन आणि ही पाच, अशी आठ वर्षं होतात. तरी ज्या घरात अठराव्या वर्षी चार पैसे आणणं भाग आहे तिथे मी आधी डिप्लोमाच सुचवते. आर्किटेक्चर असिस्टंटशिपचा डिप्लोमा किंवा आयटीआयमधला आरेखक स्थापत्य हा ट्रेड केलेल्या मुलाला आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंगचं काम मिळतं. आयटीआयवरून मात्र थेट बी.आर्च.ला जाता येत नाही.

शाळेत असाल तर कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा द्या. बी.आर्च.ला त्यांची सक्ती नाही. पण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वेळेत चित्र पूर्ण करायची सवय लागते.

३. कागद अकरावीतच काढायला घ्या

माझी पहिली जागा कागदापायी गेली. आरक्षित जागेवर नंबर लागला होता, पण जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही आणि प्रवेश रद्द झाला. ते वर्ष मी एका कंत्राटदाराकडे सिमेंट-वाळूचा हिशेब लिहिण्यात काढलं.

अडलं होतं ते पुराव्यावर. वैधतेसाठी जातीची जुनी नोंद लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची. माझे आजोबा कधी शाळेतच गेले नव्हते. शेवटी त्यांच्या धाकट्या भावाचं नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेत सापडलं. गुरुजींनी कपाटावरून लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं, फडक्यानं पुसलं, आणि बोटानं एकेक ओळ खाली सरकत गेले. नाव होतं ‘म्हादू’. आमच्या बाकी सगळ्या कागदांवर ‘महादेव’. त्या नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र, आणि प्रतिज्ञापत्रासाठी पुन्हा एसटीनं दोन खेपा. वडिलांच्या चार दिवसांच्या हजेऱ्या बुडाल्या.

म्हणून तुम्ही पुरावा आजच शोधायला लागा. कुठे शोधायचा?

- वडील, काका, आजोबा, चुलत आजोबा शिकलेल्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा. फक्त वडिलांकडचे नातेवाईक धरतात, आईकडचे नाही.
- तहसील कार्यालयात जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल.
- वडिलांकडच्या सख्ख्या रक्तातल्या कोणाची वैधता आधी झालेली असेल तर तिची प्रत. ही मिळाली तर निम्मं काम झालं.

अर्ज ऑनलाइन भरतात आणि त्याला कॉलेजचं पत्र जोडतात, ते पत्र अकरावी-बारावीच्या कॉलेजातूनच मिळतं. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: जातीचा दाखला ज्या जिल्ह्यातून निघाला, त्याच जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जावं लागतं. त्यामुळे दिवाळीला गावी जाल तेव्हाच हे काम उरका. अनुसूचित जमातीसाठी समित्या वेगळ्या आहेत आणि तिथे वेळही जास्त लागतो, तेव्हा अकरावीच्या जूनमध्येच सुरुवात करा.

बाकीचे कागद हे:

- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
- डोमिसाईल, म्हणजे वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र
- जातीचा दाखला आणि वैधता
- नॉन-क्रिमिलेअर (अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी मागास प्रवर्गांना). त्यावर मुदतीची तारीख असते, प्रवेशाच्या वेळी ती संपलेली चालत नाही
- खुल्या प्रवर्गातले असाल आणि बसत असाल तर ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- आधार, आणि तुमच्या स्वतःच्या नावाचं, आधारला जोडलेलं बँक खातं

बहुतेक दाखले सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून, नाहीतर घरबसल्या ‘आपले सरकार’वरून निघतात. निकालानंतर तिथे रांग लागते, फेब्रुवारीत कोणी नसतं. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच सगळीकडे येतंय ना, हे छापण्याआधी ऑपरेटरच्या शेजारी उभं राहून बघा.

४. परीक्षा कोणती द्यायची

दर वर्षी कोणीतरी मला सांगतं, ‘ताई, मी सीईटी दिलीय.’ एमएचटी-सीईटीचे गुण बी.आर्च.ला चालत नाहीत. गोंधळ होतो तो नावामुळे: प्रवेशाच्या फेऱ्या राज्याचा सीईटी सेलच घेतो, पण परीक्षा वेगळी असते. तुम्हाला काउन्सिलची नाटा, म्हणजे आर्किटेक्चरची कल चाचणी, द्यायची आहे, किंवा जेईई मेनचा बी.आर्च.चा पेपर, म्हणजे २ए. नागपूरच्या व्हीएनआयटीला किंवा दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरला जायचं असेल तर जेईईचा पेपर लागतोच. आणि जेईईचा फॉर्म बारावीच्या हिवाळ्यात निघतो, बोर्डाच्या निकालाची वाट बघत बसलात तर तो गेला.

नाटा अलीकडे २०० गुणांची असते. ८० गुण कागदावरच्या चित्राला आणि हातानं करायच्या त्रिमितीय रचनेला, १२० संगणकावरच्या प्रश्नांना. वर्षात एकापेक्षा जास्त वेळा देता येते, पण प्रत्येक वेळी फी भरावी लागते. अनुसूचित जाती-जमाती आणि आर्थिक दुर्बल गटांना ती कमी आहे, फॉर्म भरताना प्रवर्ग बरोबर निवडा.

क्लास लावावा का? लाखभर रुपये घेणारे क्लास आहेत. मी लावला नव्हता आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना लावू नका असंच सांगते. त्याऐवजी सहा महिने रोज एक तास हे करा:

रोज एक चित्र बघून आणि एक आठवून. एसटी स्टँडवर बसून समोरची रांग काढा, घरी आल्यावर तीच रांग छताच्या उंचीवरून कशी दिसेल ते काढा. आठवडी बाजारातली पालं, विहीर, जिना, सायकल दुकानात टांगलेली चाकं. पहिले दोन महिने माणसं लाकडी बाहुल्यांसारखी येतील. येऊ द्या, तिसऱ्या महिन्यात ती चालायला लागतात. काडेपेटी, पुठ्ठा, झाडूच्या काड्या घेऊन वीस मिनिटांत काहीतरी उभं करायचा सराव करा, आणि त्यावर टॉर्च धरून सावली कुठे पडते ते बघा. परीक्षेतल्या रचनेला याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्या पुस्तकाचा होत नाही.

संगणकावरच्या भागासाठी प्रश्न इंग्रजीतून वाचायची सवय करा. प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, सिमेट्री, टेक्स्चर, प्रपोर्शन असे शंभरेक शब्द वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे चित्र काढा, मराठी अर्थ लिहू नका. गवंड्याच्या, सुताराच्या घरातल्या मुलांना यातलं निम्मं आधीच येत असतं. ओळंबा म्हणजे काय, गुण्या का लावतात, पाणसळ कशी बघतात हे ज्याला माहीत आहे त्याला उभी रेषा, काटकोन आणि सपाटी शिकवावी लागत नाही.

५. कॅपचा फॉर्म भरताना

कॅप म्हणजे सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. निकालानंतर सीईटी सेलच्या पोर्टलवर नोंदणी, मग कागदांची तपासणी, मग तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावर हरकती, अंतिम यादी, आणि त्यानंतर ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमानं यादी. गुणवत्तेत बारावी आणि नाटा या दोन्हींना सारखंच वजन असतं, त्यामुळे नाटा चांगली गेली म्हणून बोर्डाकडे दुर्लक्ष करू नका.

तात्पुरत्या यादीत आपलं नाव, प्रवर्ग, गुण शांतपणे वाचा. चूक असेल तर हरकतीला दोन-तीन दिवसच मिळतात. मोबाईलवर स्क्रीन लहान दिसते म्हणून मी मुलांना सायबर कॅफेत पाठवते आणि छापील प्रत घ्यायला लावते.

ऑप्शन फॉर्मला खरा विचार लागतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज पहिल्याच फेरीत लागलं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत दुसरं मागता येत नाही. तेव्हा ज्याची फी किंवा ज्या शहरातलं राहणं झेपणार नाही असं कॉलेज ‘बघू तरी लागतंय का’ म्हणून वर टाकू नका. कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर असते. खासगी कॉलेजात ती वर्षाला लाखाच्या वर सहज जाते. सरकारी जागा फार थोड्या आहेत. मुंबईचं सर जे.जे. आता अभिमत विद्यापीठ झालं आहे, त्यामुळे तिथल्या प्रवेशाच्या सूचना वेगळ्या वाचाव्यात. गोव्यात राहणाऱ्यांसाठी पणजीचं सरकारी गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चर आहे.

आणि सगळ्यात महाग पडणारी चूक. एजंट फोन करतो, ‘कॅपची कटकट नको, मॅनेजमेंट कोट्यातून आजच सीट देतो.’ मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांवर, घेतलेल्या प्रवेशाला सरकारी शिष्यवृत्ती मिळत नाही, पाचही वर्षं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या वडिलांनी म्हैस विकून पहिला हप्ता भरला होता. तिसऱ्या फेरीपर्यंत थांबले असते तर तिला कॅपमधून जागा मिळाली असती, तिचे गुण तेवढे होते. मी यादी नंतर पाहिली. फेऱ्या संपेपर्यंत कोणाला एक पैसा देऊ नका.

६. पैसे: फीचे आणि फीच्या पलीकडचे

फीसाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायचा. कोणाला काय लागू होतं ते थोडक्यात:

- अनुसूचित जाती-जमाती, कुटुंबाचं उत्पन्न २.५ लाखांपर्यंत: भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती. त्याहून जास्त उत्पन्न असेल तर अनुसूचित जातीसाठी फ्रीशिपची, म्हणजे फीमाफीची, योजना बघा.
- खुल्या प्रवर्गातले, उत्पन्न ८ लाखांपर्यंत: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती.
- ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुली, उत्पन्न ८ लाखांपर्यंत: २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ, कॅपमधून प्रवेश असेल तर. अजून पुष्कळ पालकांना हे माहीत नाही, म्हणून शेजारणीलाही सांगा.
- राहण्यासाठी: समाजकल्याणची शासकीय वसतिगृहं. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयम्, ओबीसींसाठी आधार योजना. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं गावाकडच्या मुलामुलींसाठी फार मोठा आधार आहेत, निकाल लागताच अर्ज करा.

दोन ठिकाणी लोक अडकतात. एक, खातं आधारला ‘जोडलेलं’ असतं पण अनुदान येण्यासाठी नसतं. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग करा’ असं स्पष्ट सांगा. दोन, अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यात कॉलेजच्या फीचेही पैसे असतात. घरात आजारपण निघतं, पैसे खर्च होतात, आणि वर्षाअखेरीस कॉलेज फी मागतं. हे पैसे आले की त्याच आठवड्यात कॉलेजला भरून पावती घ्या. अर्ज दर वर्षी नव्यानं करावा लागतो. रिन्युअल विसरलेली मुलं मी दर दिवाळीत बघते.

आता फीच्या पलीकडचं. वर्गातली बाकी मुलं आठवड्याला हजार रुपये सहज खर्च करत असतील, त्यांच्याशी बरोबरी करू नका. पहिल्या वर्षाला खरंच लागणारं सामान एवढंच:

- ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर, दोन्ही सीनियरकडून जुनं घ्या
- सेट स्क्वेअर, स्टीलची पट्टी, प्रमाणपट्टी, कंपास
- एचबी, २बी, ४बी पेन्सिली, ०.१, ०.३, ०.५ ची काळी पेनं
- बटर पेपरचा रोल, थोडी कार्ट्रिज शीट
- कटर, फेविकॉल, मास्किंग टेप
- मोजमापाचा टेप, वडिलांचा असेल तर तोच

मॉडेलला पहिल्या दोन सत्रांत सनबोर्ड (फोमचा बोर्ड) घ्यायची गरज नाही. फ्रिजच्या, टीव्हीच्या खोक्यांचा पुठ्ठा दुकानदार फुकट देतो, आणि काम नीट कापलेलं असेल तर कोणी शिक्षक त्याला कमी गुण देत नाही. प्रिंट मात्र खिसा रिकामा करतात. मोठ्या शीटची प्रिंट काढण्याआधी तीच ए३ वर काढून चुका बघा, रंग लागेल तिथेच वापरा, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री जाऊ नका, त्या रात्री दुकानदार अर्जंटचे पैसे घेतो.

लॅपटॉप पहिल्याच दिवशी लागत नाही, सुरुवातीला बरंचसं काम हातानं असतं. तोवर पैसे जमवा आणि जुना पण १६ जीबी रॅमचा घ्या. ऑटोकॅड आणि रेव्हिट ही नकाशे काढायची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना कॉलेजच्या ओळखीवर मोफत मिळतात. ब्लेंडर (त्रिमितीय चित्रांसाठी) आणि क्यूजीआयएस (शहराच्या नकाशांसाठी) सगळ्यांनाच मोफत आहेत. चोरीची सॉफ्टवेअर टाकून लॅपटॉपमध्ये व्हायरस घेऊ नका, दुरुस्तीला दोन हजार जातात.

पहिल्या वर्षी संध्याकाळची नोकरी धरू नका असं मी हट्टानं सांगते. स्टुडिओचं, म्हणजे डिझाइनच्या वर्गाचं, काम घड्याळावर संपत नाही. तिसऱ्या वर्षापासून ड्राफ्टिंगचं काम घरी घेता येतं, तेव्हा घ्या.

७. स्टुडिओ आणि जुरी

आम्हाला पहिलंच काम मिळालं, ‘आपलं घर मोजून काढा.’ आमची खोली दहा बाय बारा, पाच माणसं. मला ती काढायची लाज वाटली. मी एक दोन बेडरूमचं घर मनानं रचलं आणि नेऊन लावलं. जुरीला, म्हणजे लावलेलं काम तपासून प्रश्न विचारायला, आलेल्या बाईंनी विचारलं, ‘पाण्याचं पिंप कुठे ठेवता?’ मला सांगता येईना, कारण त्या घरात कोणी राहतच नव्हतं.

बाईंनी पुन्हा काढून आणायला सांगितलं. त्या रात्री मी खरी खोली मोजली आणि एकाच खोलीचे चार प्लॅन काढले: पहाटे सहाला पाणी भरताना, अकराला आई विडी वळायला बसते तेव्हा, चारला आम्ही भावंडं अभ्यासाला बसतो तेव्हा, आणि रात्री दहाला अंथरुणं टाकल्यावर. दाराशी कोणाचं डोकं, मोरीशी कोणाचे पाय, सगळं मापात. भिंती चारही कागदांवर त्याच होत्या आणि घर प्रत्येक कागदावर वेगळं होतं. बाईंनी ते चारही कागद वर्गाच्या भिंतीवर वर्षभर ठेवले.

हे तुमच्याकडे आहे, ते लपवू नका. पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी जे.जे.त शिकले आणि २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर हे आर्किटेक्चरमधलं मोठं जागतिक पारितोषिक मिळालं. इंदूरजवळच्या त्यांच्या अरण्य वसाहतीत लोकांना जोतं, संडास-मोरी आणि सुरुवातीची खोली दिली होती, पुढचं घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. घर टप्प्याटप्प्यानं कसं वाढतं, पत्रा आधी की स्लॅब आधी, हे आपल्याकडच्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मुंबईकडे असाल तर एखाद्या रविवारी सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघून या. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी तिथे सात-आठ घरांच्या मध्ये एकेक अंगण ठेवलं. लोकांनी नंतर त्या घरांत किती बदल केलेत, तेही बघा आणि काढा.

इंग्रजीची भीती खरी असते. पहिली दोन सत्रं माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. उपाय साधा केला: प्रत्येक जुरीआधी एका कार्डावर सहा वाक्यं लिहायची. जागा कुठे आहे, कोण वापरणार, अडचण काय, मी काय ठरवलं, का ठरवलं, काय अजून सुटलेलं नाही. ती आरशासमोर दहा वेळा म्हणायची. पुढचं बोलणं चित्रावर बोट ठेवून. मराठीत बोलू का, असं विचारायलाही हरकत नाही, बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. जुरीत कडक बोलतात, शीटवर लाल रेघा ओढतात, ते सगळ्यांनाच होतं. पण जातीवरून, कपड्यांवरून, भाषेवरून कोणी बोललं तर ते जुरीत बसत नाही. तारीख-वेळ लिहून ठेवा, सोबत कोण होतं ते लिहा, आणि कॉलेजच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी द्या. एकटे जाऊ नका.

८. पदवीच्या शेवटाकडे आणि शहराच्या कामाकडे

शेवटच्या वर्षांत एक सत्र ऑफिसात ट्रेनिंग असतं. काही ऑफिसं पगार देत नाहीत. ‘स्टायपेंड किती?’ हे मुलाखतीतच विचारा, विचारल्यानं कोणी नाकारत नाही. पदवीनंतर काउन्सिलकडे नोंदणी करा आणि ती वेळेवर नूतनीकरण करत रहा. सुरुवातीचे पगार कमी असतात हे घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनंतर आई-वडिलांना धक्का बसतो.

सरकारी वाट हवी असेल तर एमपीएससी सहायक नगर रचनाकार या पदासाठी परीक्षा घेते, आर्किटेक्चरची पदवी तिथे चालते. अर्बन डिझाइनच्या एम.आर्च.साठी दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट अशी ठिकाणं आहेत. गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतला आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर दिलेला असेल तर सरकारी संस्थांत उपयोगी पडतो. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेली २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली मोफत मिळते. चौथ्या वर्षात ती उघडा आणि आपल्या गल्लीत कोणता नियम पाळला गेलाय ते ताडून बघा.

एम.आर्च.च्या अर्जासोबत लावायच्या फाइलीची, म्हणजे पोर्टफोलिओची, सुरुवात आजही करता येते. एक टेप, एक वही आणि धरायला एक भाऊ किंवा बहीण घ्या. आपल्या गल्लीची रुंदी दर पाच मीटरला मोजा. नळ कुठे, पाण्याची रांग कुठपर्यंत जाते, दुपारी सावली कोणत्या बाजूला असते आणि म्हाताऱ्या कुठे बसतात, पावसात पाणी कोणाच्या उंबऱ्याला लागतं, हे सगळं एका कागदावर १:१०० मध्ये, म्हणजे एका मीटरला एक सेंटिमीटर धरून, उतरवा. खाली तारीख घाला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मोजा.